अर्ही (अर्णव आणि खुशी) वाचून वाचून संपलं... आता स्लो बर्न रोमान्स आणि पटण्यासारखे क्रॉसओव्हर सुचवा ना

अबोलीची_वेणी
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. माझं फॅनफिकचं (आवडत्या पात्रांवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टींचं) वेड 'इस प्यार को क्या नाम दूं' पासूनचं, 2011 ला सिरीयल सुरू झाली तेव्हा कॉलेजात होते, 2012 च्या नोव्हेंबरला संपली पण अर्णव आणि खुशी काही डोक्यातून जाईनात, मग कुणीतरी इंडिया फोरम्स ही साइट दाखवली आणि तिथे जी अडकले ती अडकलेच. एफएफ (फॅनफिक), ओएस (वन शॉट, एका भागातली गोष्ट), एसएस (शॉर्ट स्टोरी) सगळं वाचलं, रात्री दोन दोन वाजेपर्यंत पीएम (खाजगी निरोपांच्या) लिस्टमधून नवीन भाग आला का बघत बसायचं, आला की आधी 'रेस' (रिझर्व्ह) टाकून जागा धरायची आणि मग सावकाश लांबलचक कमेंट लिहायची. पण आता जुन्या लेखिका लिहायच्या थांबल्यात, अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टी तर इतक्या आहेत की नवीन उघडायची भीती वाटते.

मला काय आवडतं ते नीट सांगते म्हणजे सुचवायला सोपं जाईल. खुशीचं टेन्शन वाढलं की ती जिलब्या तळायला घेते, आणि अर्णवला डायबेटिस, म्हणजे तिचं सगळं दुःख ज्या गोष्टीत उतरतं ती त्याला तोंडात पण घालता येत नाही. ज्या लेखिकेला हे बरोबर दिसतं तिची गोष्ट मी डोळे मिटून वाचते. थोडक्यात मला प्रेम हळूहळू कळलेलं, म्हणजे स्लो बर्न, आवडतं, भांडण असलं तरी चालेल पण मुलीला स्वतःचं डोकं आणि स्वतःचं काम हवं, आणि शेवट झालेला हवा. कुणी मेलेलं नको.

दुसरं म्हणजे क्रॉसओव्हर, दोन वेगळ्या गोष्टींतली पात्रं एकत्र येतात ते. मला कल्पना फार आवडते पण अजून एकही मनासारखा मिळालेला नाही. एक वाचला त्यात खुशी थेट हॅरी पॉटरच्या हॉगवर्ट्सला पोचते आणि दुसऱ्या परिच्छेदात सगळ्यांची लाडकी होते, ती तिथे आली कशी, लखनौचं घर सोडताना तिला काय वाटलं, काही म्हणजे काही नाही.

इंग्लिश चालेल, हिंदी चालेल, मराठी असेल तर सोन्याहून पिवळं. आणि माझी धाकटी मावसबहीण सोळा वर्षांची आहे, तीही वाचते, तिला देता येईल असं काही असेल तर वेगळं सांगा प्लीज.

चष्मिस_७
अबोली, वेलकम! जिलबीचं लिहिलंयस ते वाचून लगेच कळलं तुला काय द्यायचं. हॅरी पॉटर फॅन्डममध्ये (चाहत्यांच्या जगात) ये, तिथे स्लो बर्नचा समुद्र आहे.

पहिलं नाव, 'ड्रेको मॅलफॉय अँड द मॉर्टिफायिंग ऑर्डील ऑफ बीइंग इन लव्ह'. युद्ध संपून बरीच वर्षं झालीत, हर्मायनी हीलर (जादूची डॉक्टर) पण आहे आणि मगलांच्या (जादू नसलेल्या माणसांच्या) वैद्यकशास्त्रात संशोधन पण करतेय, तिच्या संशोधनामुळे तिच्या जिवाला धोका आहे म्हणून ऑरर (जादूच्या जगातला पोलीस) असलेल्या ड्रेकोला तिच्या संरक्षणाला नेमतात. दोघांनाही ते नकोय. छत्तीस भाग आहेत आणि स्पर्श म्हणावा असं काही घडायला इतका वेळ लागतो की साधं हाताला हात लागला तरी आपल्या पोटात गोळा येतो. तुझी स्वतःचं काम असलेल्या मुलीची अट इथे शंभर टक्के पूर्ण होते कारण तिचं संशोधन हीच मुळात गोष्ट आहे. आणि विनोदी आहे, हे पण सांगायला हवं.

दुसरं, 'ऑल द यंग ड्यूड्स'. रीमस आणि सिरियस. 188 भाग, पाच लाखांच्या वर शब्द, 1971 पासून रीमसच्या नजरेतून. यातला रीमस अनाथाश्रमात वाढलेला, चिडका, वाचता न येणारा मुलगा आहे आणि मित्र त्याच्यासाठी काय करतात ते वाचताना मी लोकलमध्ये चक्क रडलोय. पण तुझी अट आहे कुणी मेलेलं नको, आणि ही गोष्ट पुस्तकांना धरून जाते, म्हणजे जेम्स लिलीचं काय होतं ते तुला माहितीच आहे. म्हणून आत्ता नको, मन घट्ट असेल तेव्हा घे.

आणि एक जे *नको* ते पण सांगतो कारण तुला दहा जण सुचवतील. 'मॅनॅकल्ड'. ड्रेको हर्मायनीच, प्रचंड गाजलं, आता एओथ्री (आर्काइव्ह ऑफ अवर ओन, फॅनफिकची साइट) वरून काढलंय आणि लेखिकेने ते बदलून 2025 मध्ये 'अल्केमाइज्ड' नावाने पुस्तक आणलंय. लिखाण जबरदस्त आहे पण त्यात कैद आहे, अत्याचार आहे, युद्धाचं सगळं वाईटातलं वाईट आहे. रोमान्स हवाय म्हणून त्यात शिरलीस तर हबकशील. बहिणीला तर अजिबात नको.

बहिणीसाठी: एओथ्रीवर बाजूच्या फिल्टरमध्ये जे रेटिंग असतं तिथे 'एक्सक्लूड' खाली 'मॅच्युअर', 'एक्स्प्लिसिट' आणि 'नॉट रेटेड' टिक करून दे, म्हणजे 'जनरल' आणि 'टीन' एवढंच उरेल. 'नॉट रेटेड' ला सुरक्षित समजू नका, त्याचा अर्थ फक्त लेखकाने सांगितलेलं नाही एवढाच. तसंच 'वॉर्निंग्ज वापरायच्या नाहीत असं लेखकाने ठरवलंय' अशी ओळ दिसली तर आत काहीही असू शकतं.

मीनाताई_एडिंबरा
अबोली, अगं तुझं वर्णन वाचलं आणि मनात म्हटलं ही तर जेन ऑस्टिनच्या डार्सीची चाहती! श्रीमंत, घमेंडी, मनातलं बोलायचं म्हटलं की उलटंच बोलणारा पुरुष आणि साध्या घरातली, तोंडाला तोंड देणारी मुलगी. अर्णव खुशी माझ्या भाचीने दाखवली तेव्हा मी तिला हेच म्हणाले होते की बाई हे आम्ही ऑस्टिनमध्ये वाचलंय.

'प्राइड अँड प्रेज्युडिस' वर फॅनफिक लिहिणाऱ्यांचं जग फार जुनं आणि फार शिस्तीचं आहे. डर्बीशायर रायटर्स गिल्ड म्हणून साइट आहे, नव्वदच्या दशकापासूनची, दिसायला अगदी साधी. तिथे दोन दालनं आहेत, एपिलॉग ॲबी मध्ये ऑस्टिनच्याच काळात घडणाऱ्या गोष्टी आणि फँटासिया गॅलरीत बाकीचं सगळं, म्हणजे आजच्या काळातला डार्सी वगैरे. तू ॲबीतून सुरुवात कर.

आणि तिथे शोधताना एक लक्षात ठेव. या गोष्टी बहुतेक एका प्रश्नावर उभ्या असतात. हन्सफर्डला डार्सी पहिल्यांदा मागणी घालतो आणि एलिझाबेथ त्याला नको तितकं खरं सुनावते, त्याच्या आधी किंवा नंतर एकच गोष्ट वेगळी झाली असती तर? पत्र तिच्या हातात पडलंच नाही तर? तिने नाइलाजाने हो म्हटलं तर? हा शेवटचा प्रकार तुला नक्की आवडेल, कारण लग्न आधी आणि ओळख मागाहून. आपल्याकडे आमच्या आईच्या पिढीत सगळ्यांचं तसंच झालं म्हणून असेल कदाचित पण मला त्या गोष्टी इंग्लिश बायकांना वाटतात त्यापेक्षा जास्त खऱ्या वाटतात. चांगली लेखिका नकाराचं ते भाषण टाळत नाही, उशिरा का होईना एलिझाबेथच्या तोंडून ते येतंच, आणि लग्न झालेलं असताना नवऱ्याला ते ऐकून घ्यावं लागतं.

बहिणीला बिनधास्त दे, इथलं बहुतेक लिखाण सोवळ्यातलं आहे. तरी आधी एखादा भाग तू चाळ.

क्रॉसओव्हर म्हणशील तर डार्सी आणि 'नॉर्थ अँड साउथ' चा गिरणीमालक थॉर्नटन यांना एकत्र आणणारे पुष्कळ आहेत, 2004 ची बीबीसीची मालिका आली त्यानंतर तर फारच. पण एक पुस्तक 1813 चं आणि दुसरं 1854-55 चं, मधे चाळीस वर्षं गेलीत, गिरण्या आल्यात, रेल्वे आलीय. ज्या लेखिका हे विसरून दोघांना एकाच नाचाच्या हॉलमध्ये उभं करतात त्यांची गोष्ट मी सोडून देते. ज्या डार्सीला म्हातारा करतात, जमिनीचं उत्पन्न कमी होताना बघणारा आणि गिरणीवाल्याशी व्यवहार करायची वेळ आलेला, त्यांची मात्र शेवटपर्यंत वाचते.

तारांगण
क्रॉसओव्हरवर बोलायचं म्हणजे माझा विषय आला. मीनाताईंनी शेवटी जे सांगितलं तेच मला जरा लांबवून सांगायचंय, क्रॉसओव्हर फसतो तो बहुतेक वेळा दारातच फसतो. दोन जगांच्या मधे दार कुठे आहे हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. अबोली, तुझ्या हॉगवर्ट्सवाल्या गोष्टीचं तेच झालंय.

सगळ्यात सुंदर दार मला माहितीय ते 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' या मालिकेतलं. 1997 चा हॅलोविनचा भाग आहे, एक दुकानदार मंतरलेले कपडे देतो आणि ज्याने जो वेष घातला तो तसाच होऊन जातो. बफीचा मित्र झँडर सैनिकाच्या वेषात असतो तर खरोखर सैनिक होतो, आणि मंत्र उतरल्यावर सुद्धा सैन्यातलं काही ज्ञान त्याच्या डोक्यात राहतं! बस, फॅन लोकांना एवढं पुरे झालं. झँडरने दुसराच वेष घेतला असता तर? स्टार वॉर्समधल्या जेडायचा घेतला असता तर? या एका कल्पनेवर इतक्या गोष्टी लिहिल्या गेल्या की त्या प्रकारालाच नाव पडलं, याफ, म्हणजे आणखी एक हॅलोविनची गोष्ट. ट्विस्टिंग द हेलमाउथ नावाची साइट खास बफी क्रॉसओव्हरचीच आहे, तिथे ढीग सापडेल. मला या प्रकारात आवडतं ते हे की पाहुणं पात्र निघून जातं पण पोराच्या अंगात काहीतरी मागे ठेवून जातं आणि मग त्याला आयुष्यभर ते घेऊन वागायचं असतं.

आणि हे नवीन खूळ आहे असं कुणी म्हणालं तर त्याला आर्सेन ल्युपँ दाखवा. 1906 मध्ये मोरिस लब्लाँने आपल्या चोराच्या गोष्टीत सरळ शेरलॉक होम्सला आणलं, कॉनन डॉयलने हरकत घेतली तेव्हा नाव बदलून हर्लॉक शोल्म्स केलं, एवढंच. त्यात दोघांची वाटेत नुसती गाठ पडते, नीट चार वाक्यं बोलतात, आणि तेवढ्यात ल्युपँने त्याचं घड्याळ मारलेलं असतं जे तो नंतर पाकिटात घालून परत पाठवतो. दोघांचाही स्वभाव त्या एका घड्याळात आला की नाही? होम्सच्या चाहत्यांना राग येतो पण ल्युपँच्या जगात घडतंय म्हटल्यावर जिंकणार ल्युपँच. कुणाच्या अंगणात खेळतोय हे लेखकाने आधी ठरवलं पाहिजे.

शोधायचं कसं: एफएफडॉटनेट (फॅनफिक्शन डॉट नेट) वर क्रॉसओव्हरचा विभागच वेगळा आहे, दोन फॅन्डम निवडा की यादी समोर. एओथ्रीवर बाजूच्या फिल्टरमध्ये 'फक्त क्रॉसओव्हर' असं बटण आहे पण त्यात वैताग असा की कुणी आपल्या वीस वेगवेगळ्या फॅन्डमच्या छोट्या गोष्टी एकाच फाइलमध्ये टाकल्या असतील तर त्या पण क्रॉसओव्हर म्हणूनच येतात. पूर्ण झालेल्या निवडा, कमीत कमी शब्द चाळीस हजार टाका, आणि क्रम कुडोजने (लाइकसारखं हृदयाचं बटण) न लावता बुकमार्कने लावा. कुडोज लोक पहिला भाग वाचून पण देतात, बुकमार्क सहसा पुन्हा यायचं असेल तरच करतात. आणि रोमान्ससाठी, 'या गोष्टीत शोधा' च्या खिडकीत ओटीपी, मग अपूर्णविराम, मग ट्रू असं इंग्लिशमध्ये मधे जागा न सोडता टाकलं की फक्त एकच जोडी टॅग केलेल्या गोष्टी येतात. तुझी आवडती जोडी कुठल्यातरी कोपऱ्यात दोन ओळींपुरती असलेल्या गोष्टी आपोआप गळतात.

संत्राबर्फी_नागपूर
काय बाप्पा, सगळे सातासमुद्रापार गेले, आपल्या घरातल्या महाभारताकडे कोणीच पाहून नाही राहिलं! एओथ्रीवर महाभारताचा टॅग चांगला भरलेला आहे, लिहिणारे बहुतेक आपलेच लोक आहेत, भाषा इंग्लिश. 2013 ची स्टार प्लसची मालिका झाली त्यानंतर इंडिया फोरम्सवर पण भरपूर लिहिलं गेलं, अबोली तुला माहीत असेलच.

कर्ण द्रौपदी ही जोडी सगळ्यात जास्त दिसते. त्या गोष्टी स्वयंवरातल्या नकारावर उभ्या असतात, 'मी सूताला वरणार नाही'. आता गंमत अशी का पुण्याच्या भांडारकर संस्थेने जी चिकित्सक आवृत्ती काढली त्यात हे वाक्य मूळ मजकुरात नाहीच, खाली तळटीपेत गेलेलं आहे. म्हणजे जी लेखिका म्हणते का द्रौपदीने नकार दिलाच नव्हता तिला पण आधार आहे आणि जी म्हणते दिला तिला पण लोकांच्या तोंडी चालत आलेला आधार आहे. दोन्ही बाजूंच्या चांगल्या गोष्टी मिळतात.

पण माझी जोडी विचारशील तर भीम द्रौपदी. आणि यासाठी फॅनफिकच्या आधी इरावती कर्वेंच्या 'युगान्त' मधला द्रौपदीचा लेख वाच. त्या स्पष्ट सांगतात का इथपर्यंत महाभारतातलं, इथून पुढे माझं, आणि मग हिमालयात पडलेली द्रौपदी, परत आलेला भीम, आणि ती त्याला म्हणते पुढच्या जन्मी थोरला हो. एवढी मोठी विदुषी बाई, एवढा अभ्यास, आणि शेवटी तिलाही राहवलं नाही, जे व्यासांनी लिहिलं नाही ते लिहावंच वाटलं. मला तर ते आपल्या भाषेतलं सगळ्यात सुंदर 'फिक्स इट' (मूळ गोष्टीत खटकणारं दुरुस्त करणारं लिखाण) वाटतं, आणि कुठे मूळ संपतं ते सांगून लिहिलेलं.

मूळातच इतकं आहे का बघ नं. विराटाच्या घरी ती सैरंध्री, हा स्वयंपाकघरात बल्लव. कीचकाचा त्रास झाल्यावर ती रात्री जाते कोणाकडे, ना युधिष्ठिराकडे ना अर्जुनाकडे, झोपलेल्या भीमाला उठवते. आणि चंदन उगाळून उगाळून तिच्या हाताला घट्टे पडलेले असतात ते हात तो आपल्या तोंडावर धरून रडतो. एवढा दांडगा माणूस. तुझ्या जिलबीसारखंच आहे हे अबोली, मोठं भाषण नाही, हाताचे घट्टे. ज्या फॅनफिकमध्ये हा प्रसंग नीट घेतलाय तीच घे, बाकीची सोडून दे.

तारांगणभाऊंच्या दाराचं म्हणाल तर आपल्याकडे सात चिरंजीव आहेत! अश्वत्थामा कुठल्याही काळात, कुठल्याही गोष्टीत चालत येऊ शकतो, कोणाला मंत्राची गरज नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, दिवाळीत लोक रात्री चढून जातात, जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. कोणी एखाद्या आजच्या डॉक्टरच्या गोष्टीत त्याला पेशंट म्हणून आणलं तर मी एका बैठकीत वाचीन.

अबोलीची_वेणी
अरे देवा किती छान लिहिलंयत सगळ्यांनी, मी पटापट नावं उतरवून घेतेय. घट्ट्यांचं वाचून काटा आला, इतक्या वेळा महाभारत बघितलं पण हा प्रसंग असा कधी लक्षातच आला नव्हता.

मीनाताई, तुमचं 'लग्न आधी ओळख मागाहून' एकदम बरोबर, अर्ही मध्ये तर सहा महिन्यांचं लग्न होतं, गच्चीवर त्याने खुशीला जिजूंबरोबर बघितलं आणि काही न विचारता ताईचा संसार वाचवायला तिला लग्नाला भाग पाडलं. मला अजूनही वाटतं की सिरीयलने त्या जबरदस्तीचा जाब त्याला पुरेसा विचारला नाही, आणि चांगल्या फॅनफिक नेमकं तेच करतात. आता मी एलिझाबेथकडून ऐकेन.

दोन प्रश्न. एक, मराठीत खरंच काही नाही का? दोन, आमच्या इथे रेंजची बोंब, रत्नागिरीहून मडगावला जाताना तर बोगद्यांमागून बोगदे, पान लोड होत नाही. काही ॲप आहे का एओथ्रीचं?

चष्मिस_७
ॲपचं आधी. एओथ्रीचं अधिकृत ॲप *नाही*. स्टोअरवर त्या नावाची जी दिसतात ती बाहेरच्यांची आहेत, काही तर पैसे पण मागतात, आणि ही साइट चालवणारी संस्था ना-नफा आहे, स्वयंसेवकांवर चालते, जाहिरातीसुद्धा घेत नाही. पैसे मागितले की समज गडबड आहे. गोष्ट उघडल्यावर वरती 'डाउनलोड' आहे, तिथून ईपब घे, फोनच्या कुठल्याही रीडरमध्ये उघडतं, मग बोगदे असोत की काही असो. शिवाय आवडलेली गोष्ट अशी ठेवलेली बरी, लेखकाने उद्या काढून टाकली की गेली, मॅनॅकल्डचं झालंच की.

कोथरूडची_सई
मराठीचं मी सांगते. एओथ्रीवर मराठी अगदी तुरळक, प्रतिलिपीवर मात्र रोमान्सच्या मालिका रग्गड आहेत. तिथे फॅनफिक असा वेगळा कप्पा शोधत बसू नकोस, सिरीयलच्या किंवा पात्रांच्या नावाने शोध. दर्जा खालीवर आहे, भाग फार छोटे आणि प्रत्येक भाग अर्ध्यावर तोडलेला, त्यामुळे संपलेली मालिका बघूनच हात घाल.

पण मला सारखं वाटतं की मराठीतली सगळ्यात चांगली फॅनफिकची जमीन पडीक पडलीय. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' आठवतेय ना, 2012 ची? घना आणि राधा, घरचे मागे लागलेत म्हणून दोघंही ठरवून लग्न करतात आणि नंतर वेगळं व्हायचं असंही ठरवतात. म्हणजे तेच कॉन्ट्रॅक्टचं लग्न, पण दोघांच्या मर्जीने! आणि वर्ष बघ, अर्णव खुशीचं लग्न टीव्हीवर चालू होतं तेव्हाच हे मुंबईत चालू होतं. तुला क्रॉसओव्हर हवाय ना, मला तर राधा आणि खुशी समोरासमोर बसलेल्या बघायच्यात. एकीला विचारून केलेलं लग्न, एकीला न विचारता. राधा सरळ विचारेल की अगं तू अजून त्या घरात का आहेस, आणि खुशीने काय उत्तर द्यायचं? देवी मैयाचं नाव घेऊन विषय बदलेल की खरं बोलेल? या एका संवादासाठी मी पन्नास हजार शब्द वाचायला तयार आहे.

तारांगण
सई, दार पण आहे. अर्णवचं फॅशन हाउस आहे, कामाच्या निमित्ताने मुंबईला येऊ शकतो, जादू बिदू काही लागत नाही. फक्त घनाच्या घरातली माणसं आठव, एवढ्या मोठ्या कुटुंबात खुशी पाच मिनिटांत रुळेल आणि अर्णवचा जीव गुदमरेल, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

रविवार_दुपार
उशिरा आले पण रेलो कुणीच कसं नाही सांगितलं! अबोली, 'द लव्ह हायपोथेसिस' हे 2021 चं पुस्तक आधी स्टार वॉर्सच्या रे आणि कायलोवरची फॅनफिक होतं. आता त्यात अंतराळ वगैरे काही नाही, स्टॅनफर्डला पीएचडी करणारी ऑलिव्ह आणि सगळे विद्यार्थी ज्याला टरकतात असा प्रोफेसर ॲडम, खोटं खोटं प्रेम करायचं ठरवतात. शेवट गोड आहे, कुणी मरत नाही, मुलीचं संशोधन महत्त्वाचं आहे. मूळ फॅन्डम माहीत नसलं तरी काही अडत नाही. सोळा वर्षांच्या बहिणीला मात्र नको, शेवटाकडे एक भाग मोठ्यांसाठीचा आहे, तिला चष्मिसने सांगितलेलं जनरल आणि टीनचं फिल्टर लावून हॅरी पॉटरमधलंच दे, मैत्रीच्या गोष्टी तिथे रोमान्सइतक्याच चांगल्या आहेत.

आणि अबोली, वाचून झालं की त्या लेखिकांना कमेंट टाक हं. 'रेस' टाकून जागा धरणाऱ्या आणि मग परत येऊन खरंच लिहिणाऱ्या वाचकांची एओथ्रीवर फार गरज आहे, तिथे लोक हृदयाचं बटण दाबतात आणि निघून जातात. कुठलं वाक्य आवडलं ते उचलून लिही, अगदी मराठीत लिहिलंस तरी चालेल.